रुग्णशुश्रूषेस प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कै. रमाबाई रानडे

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही कै. रमाबाई रानडे यांचे नाव सुचविले. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि मंडळींतील एकदोघा वडीलधाऱ्यांनी ते सौम्यपणे निदर्शनासही आणून दिले. परंतु ज्यांच्या श्रमांचे फळ सर्वच ज्ञातींच्या घरी पोहोचले, त्यांचे स्मरण कोणत्या ज्ञातीने करावे आणि कोणत्या ज्ञातीने करू नये, असा भेद करता येत नाही. आजारपण ज्ञात विचारून येत नाही. त्याचप्रमाणे आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या परिचारिकेची ज्ञातही कोणी विचारू नये, हे महाराष्ट्रास ज्यांनी प्रथम धीटपणे शिकविले, त्यांत रमाबाईंचे स्थान फार वरचे आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाई आपणां सर्वांस परिचित आहेत. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठी वाङ्मयात मान्यता पावले आहे. २०१२ साली त्यांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिका घरोघरी आवडीने पाहिली गेली. तथापि बहुतेकांच्या मनात राहिली आहे ती रानड्यांची अकरा वर्षांची मुलगी, जी रात्री दिव्याशी बसून अक्षरे गिरवी. ती मुलगी पुढे मोठी झाली, विधवा झाली, आणि वैधव्यानंतरच्या तेवीस वर्षांत तिने काय केले, हे मात्र फार थोडे लोक सांगू शकतात. आम्ही या लेखात मुख्यत्वे त्याच भागाविषयी लिहिणार आहोत.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील व आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. याच गावी पुढे १९१३ साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या काळी मुलीच्या हाती पुस्तक आले तर तिच्या कपाळी वैधव्य येते, अशी समजूत खेडोपाडी दृढ होती. त्यामुळे १८७३ साली रानड्यांशी लग्न होऊन पुण्यास आलेल्या यमुनेस अक्षरओळख नव्हती. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने स्वतः विधवेशीच विवाह करावा, अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि लोकांचा उपहास सोसला. ते शल्य त्यांच्या मनात राहिले असावे. पत्नीस शिकविण्याचे कार्य त्यांनी ज्या निष्ठेने आरंभिले, त्यात त्या शल्याचा वाटा असेल, असे आम्हांस वाटते.

सासरच्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे हे शिक्षण मुळीच मानवले नाही. टोमणे, अबोला आणि कामाचा बोजा या सर्वांतून वाट काढीत रमाबाई प्रथम मराठी व मग इंग्रजी शिकल्या. १८७८ साली रानड्यांची नाशिकास बदली झाली व तेथे त्यांस स्त्रियांच्या सभांतून बोलण्याचा सराव झाला. पुण्यास मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून खटपट चालू असता गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, तिच्यामागे असे अनेकांचे श्रम होते. सभेत मिळालेल्या टाळ्यांचा मोबदला रमाबाईंस घरी शब्दांच्या चटक्यांनी द्यावा लागला. उलट उत्तर न देणे आणि हाती घेतलेले काम न सोडणे, हे दोन धडे त्यांस या काळात मिळाले. पुढे सेवासदन चालविताना तेच त्यांच्या उपयोगी पडले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई त्या वेळी चाळिशीच्या आतच होत्या. त्या मुंबई सोडून पुण्यास येऊन राहिल्या आणि काही काळ त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. त्या काळच्या रिवाजानुसार विधवेने जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसावे, यापलीकडे समाजाची तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. रमाबाई श्रद्धाळू होत्या. परंतु पतीने सत्तावीस वर्षे जे शिकविले, ते कोपऱ्यात बसून फुकट घालविणे त्यांस पटले नाही. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल या दोघां सद्गृहस्थांनी मुंबईत सेवासदन स्थापिले, तेव्हा त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास सेवासदन सुरू केले. अखेरपर्यंत त्या या संस्थेच्या प्राण होत्या.

पुणे सेवासदनात स्त्रियांना लेखन-वाचन, शिवणकाम, हस्तव्यवसाय शिकविले जाई. शिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालत, बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह होते. या सर्वांस समाजाने फारशी हरकत घेतली नाही. शिवणकाम घरात बसून करता येते. शिक्षिकेचे काम लहान मुलींमध्ये असते. परंतु १९११ साली सेवासदनाने रुग्णशुश्रूषेचा, म्हणजे नर्सिंगचा वर्ग काढला, आणि विधवा स्त्रियांनी ससून रुग्णालयात जाऊन हे शिक्षण घ्यावे असे ठरविले, तेव्हा मात्र पुण्यातील सनातनी घरांत खळबळ उडाली. ती का उडाली, हे समजण्यासाठी त्या काळच्या आरोग्यव्यवस्थेकडे थोडे वळून पाहणे अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे रुग्णालय ही निराधारांनी मरावयास जाण्याची जागा, असाच समज होता. घरच्या माणसास इस्पितळात टाकले, हा शब्दप्रयोगच काय तो पाहा. 'नेले' म्हणत नसत, 'टाकले' म्हणत. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरात वैद्य दारी येत, औषध पुडीतून मिळे, आणि रोग्याची उठाबस घरातील बायका करीत. बाळंतपण तर घरातील सर्वांत काळोख्या खोलीत होई. खिडक्या बंद, शेगडीचा धूर कोंडलेला, अंथरुणास जुनी फाटकी वस्त्रे आणि साह्यास सुईण. सुईणीजवळ अनुभव असे, हे आम्ही अमान्य करीत नाही. अनेक बायका तिच्याच हातून सुखरूप सुटत. परंतु नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे, हात साबणाने स्वच्छ धुवावेत, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. त्यामुळे धनुर्वाताने कोवळी अर्भके दगावत, सूतिकाज्वराने तरण्या बाळंतिणी जात, आणि घरची मंडळी त्यास सटवीचा लेख म्हणून स्वस्थ बसत.

पुरुष डॉक्टरपुढे बायकांनी जाऊ नये, हा दंडक असल्यामुळे स्त्री-डॉक्टरांची निकड होती. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला. १८८६ साली मुंबईस कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत पदवीधर झाल्या. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास क्षयाने वारल्या. पुढे १८९४ साली विलायतेत शिक्षण पुरे करून डॉ. रखमाबाई सुरतेस रुजू झाल्या. या थोर स्त्रियांच्या कर्तृत्वास आमचे वंदन असो. परंतु डॉक्टर दिवसातून दोन वेळा रोग्यास पाहून जातो. उरलेला वेळ रोग्याची नाडी कोण पाहणार, ज्वर किती चढला ते कोण लिहून ठेवणार, औषध वेळेवर कोण देणार, पाठीस शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर कोण वळविणार? हे काम ज्यांनी करावयाचे, त्यांची आपल्या समाजात जागाच नव्हती. रुग्णालयांतून ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रिया किंवा मिशनच्या भगिनी हे काम पाहात. आपल्यांतील स्त्रीने ते करावे, ही कल्पनाच कोणास सहन होत नसे.

विलायतेतही पूर्वी काही निराळी स्थिती नव्हती. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल जखमी सैनिकांच्या सेवेस गेल्या व १८६० साली त्यांनी लंडनमध्ये परिचारिकांचे शिक्षणालय काढले, तेव्हा कोठे तेथील कुलीन घराण्यांचा हा व्यवसाय हलका असल्याचा ग्रह हळूहळू नाहीसा झाला. आपल्याकडे मात्र या कामाच्या वाटेत दोन अडसर अधिक होते. एक सोवळ्या-ओवळ्याचा. रोग्याचे मलमूत्र, रक्त, पू यांस स्पर्श करावयाचा, तोही कोणत्या जातीचा रोगी आहे ते न विचारता. दुसरा अडसर लोकनिंदेचा. तरुण स्त्रीने परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे. त्यातही ती विधवा असेल तर मग विचारावयासच नको.

आणि तरीही गरज केवढी होती, हे १८९६-९७ च्या प्लेगने सर्वांस दाखवून दिले होते. घरातील माणसे एकमेकांस सोडून पळत होती. त्या काळात सावित्रीबाई फुले पुण्यानजीक प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. रोग्यांस आणण्यात व त्यांची निगा राखण्यात त्यांस तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. सेवेचा असा आदर्श पुण्याच्या डोळ्यांसमोर होता. परंतु एका साध्वीने प्राण देणे निराळे, आणि शेकडो सामान्य स्त्रियांनी रोजचे काम म्हणून, वेतन घेऊन, शास्त्रशुद्ध शिक्षणानंतर ही सेवा करणे निराळे. पहिल्याने समाजाची मान लवते. समाजाचे आयुर्मान वाढावयाचे तर दुसऱ्याचीच गरज असते. रमाबाईंनी हे दुसरे काम हाती घेतले.

त्यांनी विधवांचीच निवड का केली, हेही पाहण्यासारखे आहे. त्या काळी एकत्र कुटुंबातील हिंदू विधवेस पतीच्या मालमत्तेत वाटा नसे. अन्नवस्त्रापुरता काय तो हक्क. मालमत्तेतील हक्काचा कायदा झाला तो १९३७ साली. म्हणजे पंधराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली मुलगी पुढील चाळीस-पन्नास वर्षे दिराच्या किंवा भावाच्या दारी राबणार, घरातील प्रत्येक आजाऱ्याची सेवा करणार, प्रत्येक बाळंतीण उठविणार, आणि तरीही तिच्या हाती स्वतःचा असा एक पैसा असणार नाही. रमाबाईंनी पाहिले, की रुग्णशुश्रूषा या स्त्रिया करीतच आहेत. तिला शास्त्राची जोड मिळाली, तर त्याच कामाने त्यांस पोटापुरते वेतन आणि समाजात स्थान मिळेल, आणि देशास हव्या असलेल्या परिचारिकाही मिळतील. एका कार्याने दोन दुःखांचा परिहार व्हावा, असा हा विचार होता.

विचार कितीही चांगला असला तरी लोकांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. घरोघर जाऊन समजूत घालावी लागे. वसतिगृहात मुलीची नीट देखरेख होईल, तिच्या आचारविचारास धक्का लागणार नाही, याची हमी द्यावी लागे. रमाबाईंचे वय, वैधव्य आणि रानड्यांचे नाव, हे तिन्ही त्यांनी या कामी जामीन ठेवले, असे म्हटले तरी चालेल. न्यायमूर्तींची पत्नी ज्या संस्थेची धनीण आहे, तेथे आपली लेक बिघडेल, असे म्हणावयास कोणाची जीभ सहसा वळत नसे. शिवाय त्या नुसता उपदेश करून थांबत नसत. स्वतः रुग्णालयांत नित्य जात, रोग्यांस फळे, फुले, पुस्तके देत, त्यांची विचारपूस करीत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांसही त्या जाऊन भेटत. जी जागा पुढारी बाईंना वर्ज्य नाही, ती आपल्या सुनेस का वर्ज्य असावी, असा विचार मग एखाद्या सासऱ्याच्या मनात येई.

या काळातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात विद्यार्थिनींच्या शिक्षणाची ओळख व्हावी म्हणून काही देखावे दाखविण्यात येत होते. ससूनमध्ये शिकणाऱ्या विधवा रोग्याची शुश्रूषा कशी करतात, याचा एक छोटासा देखावा त्यांत होता. केशवपन केलेली, साधे लुगडे नेसलेली एक विधवा हातात थर्मामीटर घेऊन रंगमंचावर आली. प्रेक्षकांत कॉलेजच्या तरुण विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. त्या वेषात आणि त्या हातातील काचेच्या नळीत त्यांस काय विनोद दिसला कोण जाणे, ते मोठ्याने हसू लागले व चेष्टा करू लागले. रंगमंचावरील त्या बिचारीची स्थिती काय झाली असेल, याची कल्पनाच करावी. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढविला नाही. परंतु उच्च शिक्षण घेऊनही ज्यांची दृष्टी जुनाटच राहिली, त्या तरुणांस त्यांनी अशा शब्दांत जाब विचारला की सभागृह स्तब्ध झाले. आजारी पडलेल्या भावाची शुश्रूषा एखाद्या विधवा बहिणीने केली, तर त्यात हसण्यासारखे काय आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हसणारे खाली माना घालून बसले.

या प्रसंगाचा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. हसणारे तरुण अडाणी नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांतील अनेकांच्या घरी तशाच केशवपन केलेल्या आत्या, काकू, बहिणी असतील, आणि ज्वराच्या रात्री त्याच त्यांच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवीत असतील. त्या पट्टीस कोणी हसले नाही. ती आत्या घराबाहेर पडली, तिच्या हाती थर्मामीटर आला, ती शिकलेली व कमावती झाली, तेव्हा मात्र हसू आले. म्हणजे हसू सेवेस नव्हते, सेवा करणारीच्या शिक्षणास व स्वातंत्र्यास होते. रमाबाईंनी भाऊ-बहीण हे नाते पुढे केले, यात त्यांची मोठी समज दिसते. परक्या पुरुषास स्पर्श करणारी परकी स्त्री, या चित्राऐवजी त्यांनी प्रत्येकाच्या ओळखीचे असे दुसरे चित्र उभे केले.

सेवासदनाचा हा उद्योग हळूहळू रुजला. परिचारिका व शिक्षित सुईणी यांच्या शिक्षणाबरोबरच काही विद्यार्थिनींस वैद्यकाच्या शिक्षणासाठीही साह्य मिळू लागले. रमाबाईंनी आपला व्याप कधी चार भिंतींत ठेवला नाही. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे मदतकार्यासाठी गेल्या. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास आळंदीस सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन यात्रेकरू स्त्रियांच्या सोयीसाठी त्या उतारवयातही जात. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यात चळवळ झाली, तीतही त्या अग्रभागी होत्या. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या वर्षी शिकलेल्या परिचारिकेचे मोल काय, हे सांगावयास कोणा पुढाऱ्याची गरज उरली नाही. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेतून शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या शेकडो स्त्रिया महाराष्ट्रभर काम करीत होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६२ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले.

त्यांच्यामागे परिचर्येचे क्षेत्र वाढत गेले. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला, त्यात त्रेचाळीस हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका, असे आपल्या देशाचे प्रमाण दिले आहे. त्याच काळी इंग्लंडात तीनशे माणसांमागे एक परिचारिका होती. हे आकडे वाचले म्हणजे रमाबाई कोणत्या वाळवंटात विहीर खणीत होत्या, हे ध्यानी येते. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येच्या पदवी-शिक्षणाची महाविद्यालये निघाली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आता साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा, जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा व बी.एस्‌सी.चा चार वर्षांचा, असे अभ्यासक्रम आहेत. मुलगेही या व्यवसायात येऊ लागले आहेत.

आता वाचकांनी क्षमा करून आमचे दोन शब्द ऐकावेत. आम्ही खेड्यापाड्यांच्या शाळांतून अनेक वर्षे शिकविले. दहावी-बारावीच्या मुलींस पुढे काय व्हावयाचे आहे, असे विचारले म्हणजे दोघीतिघी तरी नर्स व्हावयाचे आहे, असे सांगत. गावात लस टोचावयास येणारी, अडलेल्या बाईस सोडविणारी, पायपीट करणारी सिस्टर त्यांनी पाहिलेली असे. परंतु या मुलींपैकी फारच थोड्यांच्या घरून होकार मिळे. रात्रपाळी असते, पुरुषांच्या वॉर्डात जावे लागते, पुढे स्थळे येत नाहीत, ही कारणे आम्ही पालकांच्या तोंडून कितीदा ऐकली याची गणती नाही. आपल्याच ज्ञातीतील एका स्थळाची बोलणी, मुलगी नर्स आहे एवढ्याच कारणास्तव मोडलेली आम्हांस ठाऊक आहेत. मुलगी सुस्वरूप, शिकलेली, सरकारी नोकरीत. दोष काय, तर ती माणसांची सेवा करते! नावे सांगण्याचे कारण नाही. ज्याने त्याने आपल्या घरात डोकावून पाहावे.

२०२० च्या मार्च महिन्यात सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी दारात उभे राहून टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. करोनाच्या त्या दोन वर्षांत अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून, तासन् तास पाण्याचा घोट न घेता, परिचारिकांनी आपल्या माणसांस सांभाळले. जेथे मुलास बापाजवळ जाता येत नव्हते, तेथे शेवटचे पाणी त्यांच्या हातून मिळाले. आणि त्याच वेळी काही ठिकाणी घरमालकांनी या भगिनींस खोली सोडावयास सांगितल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. टाळी वाजविणारा हात आणि दार लावून घेणारा हात निराळ्या समाजांचे नव्हते. सेवासदनाच्या त्या समारंभातील हसू अजून पुरते विरलेले नाही, हाच याचा अर्थ. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत पाहावे तर पुष्कळशा परिचारिका केरळातून आलेल्या आढळतात. त्या भगिनी आपले घरदार सोडून आपल्या आईवडिलांची सेवा करतात, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. परंतु ज्या महाराष्ट्रात सावित्रीबाई व रमाबाई होऊन गेल्या, तेथील लेकींस हे काम कमीपणाचे का वाटावे, किंबहुना त्यांच्या पालकांस ते तसे का वाटावे, याचा विचार झाला पाहिजे.

म्हणून आपल्या मंडळास आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, दरवर्षीच्या गुणगौरव समारंभात डॉक्टर व इंजिनियर झालेल्या मुलांबरोबर परिचर्येची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींसही त्याच व्यासपीठावर, तोच नारळ व तीच शाल देऊन गौरवावे. दुसरी, शिष्यवृत्ती निधीतून निदान एक शिष्यवृत्ती परिचर्येच्या विद्यार्थिनीसाठी राखून ठेवावी व तीस रमाबाईंचे नाव द्यावे. तिसरी सूचना खर्चाची नाही, म्हणूनच सर्वांत कठीण आहे. वधूवर मेळाव्यात जेव्हा एखादी मुलगी आपण नर्स असल्याचे सांगेल, तेव्हा वरपक्षाच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहू नये.

रमाबाईंनी राज्य मिळविले नाही, युद्ध जिंकले नाही, मोठी संपत्ती मागे ठेविली नाही. एका जुन्या शहरात, जुन्या लोकांमध्ये राहून, कोणाशी फारकत न घेता, त्यांनी घरात राबणाऱ्या विधवेच्या हाती थर्मामीटर दिला आणि तिच्याकडे पाहून हसणाऱ्यांस गप्प केले. आज आपणांपैकी कोणी आजारी पडला आणि एखाद्या अनोळखी बहिणीने रात्री दोन वाजता येऊन त्याचा ताप पाहिला, तर त्यात या बाईंच्या श्रमांचा अंश आहे, हे ध्यानी ठेवावे. ज्ञातीतील एखाद्या मुलीस जरी यंदा या शिक्षणासाठी घरून संमती मिळाली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू. इति शम्.